जुन्या पेटीतील लुगडी : ती ओळखावीत कशी व जपावीत कशी

कोणत्याही संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांची नावे असतात, अध्यक्ष व चिटणीस यांची छायाचित्रे असतात, जमाखर्चाचा गोषवारा असतो. ते सारे असावयासच हवे. परंतु ज्या कुटुंबांच्या आधारावर संस्था उभी राहते, त्या कुटुंबांतील आज्या, पणज्या, आत्या, मावश्या यांची नोंद कोठे सापडावयाची? इतिवृत्तात त्यांचे नाव क्वचितच येते. जुन्या छायाचित्राखाली फार तर "मागे उभ्या असलेल्या महिला" एवढाच उल्लेख असतो. आमच्या मते त्यांची खरी नोंद माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत घडी करून ठेवलेली आहे. ही नोंद शाईने लिहिलेली नसून सुताने विणलेली आहे. ती वाचावयाची कशी, हे थोडेसे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही व्यवसायाने शिक्षक. वस्त्रविद्येतील पंडित नव्हे. पण बेळगावसारख्या गावात, जेथे एका बाजूस शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या वस्त्या आणि दुसऱ्या बाजूस कापडपेठ, तेथे वाढलेल्या मनुष्यास काही गोष्टी पाहून व विचारून कळतात. त्या कळलेल्या गोष्टींची ही मांडणी आहे.

लुगडे आणि साडी

आजच्या मुलींस लुगडे व साडी हे दोन शब्द एकच वाटतात. आमच्या दादींच्या पिढीस ते तसे वाटत नसत. लुगडे म्हणजे नऊ वारांचे वस्त्र. हल्लीच्या मापाने ते सव्वाआठ मीटरांच्या आसपास भरते. ज्यास आपण पाचवारी म्हणतो ती गोल नेसावयाची साडी त्या मानाने बरीच आखूड, आणि तिच्याखाली परकर हवाच. लुगड्यास परकराची गरज नसे. कासोटा घातला की शेतात वाकता येई, विहिरीवरून पाणी शेंदता येई, जात्यावर बसता येई. नेसण्याच्या तऱ्हा मात्र घरागणिक वेगळ्या. ब्राह्मण घरांतील ओचा-पदराची नेसण निराळी, शेतकरी घरांतील आटोपशीर नेसण निराळी. आमच्याकडील मुसलमान घरांत बायका कासोटा न घालता गोल नेसत व पदर डोक्यावरून घेत. वस्त्र तेच, विणकर तोच, दुकान तेच, नेसण तेवढी वेगळी.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुली शाळेत व पुढे नोकरीस जाऊ लागल्या, तसतशी पाचवारी रूढ झाली. चोळीचेही असेच. आधी पुढे गाठ मारावयाची खणाची चोळी, मग बटणांचे पोलके, मग झंपर व ब्लाउज. एकोणीसशे तीसच्या दशकातील छायाचित्रांत फुग्याच्या बाह्या दिसतात. म्हणून जुने छायाचित्र हाती आले की केवळ चेहरे पाहू नयेत. नेसण व बाही पाहावी. एकाच छायाचित्रात सासू गाठीच्या चोळीत आणि सून फुग्याच्या बाह्यांत दिसली, तर घरातील बदल कोणत्या पिढीत झाला, हे कोणी न सांगता कळते.

आपल्या भागातील वस्त्रे

आपल्याकडील पेट्यांत सर्वाधिक सापडते ते इरकली लुगडे. इलकल हे गाव आजच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. इरकलीचे अंग बहुधा सुती, काठ रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचे, आणि पदर तांबडा, त्यावर पांढऱ्या रेघा व दात्यांसारखी नक्षी. काठांना गोमी, परसपेट, गाडी अशी नावे आहेत. पदरावरील नक्षींनाही नावे आहेत : कोठे फणीचे दाते, कोठे किल्ल्याची तटबंदी, कोठे ज्वारीचे कणीस. म्हणजे ज्या बाईच्या खांद्यावर तो पदर असे, तिच्याच भोवतालच्या वस्तू त्यात विणलेल्या असत.

या वस्त्राची खरी खूण त्याच्या जोडणीत आहे. ताणा म्हणजे मागावर ताणून बांधलेले उभे धागे. बाणा म्हणजे धोट्याने टाकलेले आडवे धागे. सामान्य वस्त्रात एकच ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. इरकलीत अंगाचा ताणा वेगळा व पदराचा ताणा वेगळा तयार करतात, आणि दोहोंचे धागे एकेका फासाने एकमेकांत अडकवून जोडतात. या पद्धतीस तोप-तेणी म्हणतात. यामुळे प्रत्येक लुगड्याचा ताणा स्वतंत्र जुळवावा लागतो. एकदा ताणा भरला आणि दहा नग काढले, असे येथे चालत नाही.

ही गोष्ट घरी पडताळून पाहता येते. पदर जेथे सुरू होतो तेथे कापड उजेडात धरावे आणि नखाने धागे हलकेच विलग करावेत. पदरातील उभे धागेही तांबडेच असतील आणि जोडाच्या रेषेवर बारीक फास दिसत असतील, तर ते जुन्या पद्धतीचे विणकाम होय. उभे धागे अंगाच्याच रंगाचे राहून केवळ आडवे धागे तांबडे झाले असतील, तर ती नक्कल समजावी. आम्ही हे शाळेतील मुलांस एकदा भिंगातून दाखविले, तेव्हा गणिताच्या तासाला न बोलणारा एक मुलगा फास मोजत बसला. त्याचे वडील मागावर काम करतात, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

काळ्या लुगड्यास आपण चंद्रकळा म्हणतो. संक्रांतीस ती आवर्जून नेसतात. इरकली चंद्रकळेवर धारवाडकडील कसुती भरतकाम असेल, तर ते वस्त्र विशेष जपावे. कसुतीचे टाके चार : गवंती, मुर्गी, नेगी व मेंथी. हे काम कापडावर आधी आकृती न काढता, ताण्या-बाण्याचे धागे मोजून करतात आणि गाठ मारीत नाहीत. गवंती व मुर्गी हे टाके उलट-सुलट सारखेच दिसतात. रथ, पालखी, गोपूर, तुळशीवृंदावन, शंख ही त्यातील नेहमीची चित्रे. जिला लिहिता-वाचता येत नव्हते, तिचे मोजमाप किती चोख होते, हे लुगड्याची उलटी बाजू पाहिल्यावर समजते.

खण हा बागलकोट जिल्ह्यातीलच गुळेदगुड्डचा. लहान बुट्ट्यांचा, दोन्ही बाजूंस काठ असलेला हा चोळीचा तुकडा त्रिकोणी घडी घालून ओटीत देत. पुष्कळ घरांत न शिवलेले खण तसेच पडून आहेत. असा खण सापडला तर तो कोणाच्या ओटीत, कोणत्या प्रसंगी आला, हे विचारून घ्यावे. तो न शिवता राहिला यामागेही काही कारण असते.

शहापूरची लुगडी ही आपल्या गावची. शहापूर हे १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, बेळगाव मात्र इंग्रजी अमलाखाली. मधे एक रस्ता, आणि दोन्हीकडे राज्य वेगळे. बेळगावातील बायका त्या रस्त्यापलीकडे जाऊन लुगडी घेत, आणि त्यास "संस्थानात जाणे" म्हणत, असे आमच्या दादी सांगत.

याखेरीज लग्नाचा शालू व पैठणी. पैठणीच्या पदरावरील नक्षी जादा धाग्यांची नसते. रंगीत बाणा त्या त्या आकृतीपुरताच फिरवून ती विणतात, म्हणून चांगल्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. शालू बनारसचा. तो विणणारे कारागीर मोठ्या संख्येने मुसलमान अन्सारी कुटुंबांतले. आपल्या गावातील हिंदू घरांतील कित्येक नवऱ्या मुलींनी त्यांच्या हातचे वस्त्र नेसून सप्तपदी घातली. आणि आमच्या दादींनी निकाहाच्या दुसऱ्या दिवशी जे इरकली नेसले, ते देवांग किंवा साळी विणकराच्या मागावरचे. याचा त्या काळी कोणी उच्चारही केला नाही, कारण त्यात उच्चार करण्यासारखे काही आहे, असेच कोणास वाटले नाही.

मुसलमान घरांच्या पेटीत आणखी एक कापड सापडण्याचा संभव असतो, ते मशरू. याची वरची बाजू रेशमी चकाकीची आणि अंगास लागणारी बाजू सुती. पुरुषाने शुद्ध रेशीम अंगास लावू नये, असा धर्मसंकेत असल्याने ही विणाई रूढ झाली. मशरू या अरबी शब्दाचा अर्थच मुळी "शरीयतीस मान्य" असा आहे. पुढे ते कापड चोळ्या, इजारी, रजईचे अस्तर अशा सर्व कामांस सर्व समाजांत वापरले गेले. तसेच काळ्या पोतीचा लच्छा. दख्खनी मुसलमान वधूच्या गळ्यातील काळे मणी आणि शेजारणीच्या मंगळसूत्रातील काळे मणी जवळ ठेवून पाहावेत. भाष्य करण्याची गरज पडत नाही.

काळ कसा ओळखावा

घरातील वडीलधारी माणसे "हे शंभर वर्षांचे आहे" असे सहज म्हणतात. त्यात प्रेम असते, पण पुरावा नसतो. पुरावा शोधण्याच्या काही सोप्या रीती आहेत.

पहिली रीत कागदाची. पेटीत लुगड्याबरोबर दुकानाची पावती, किमतीची चिठ्ठी किंवा कापडावरील शिक्का असेल तर तो नीट पाहावा. किंमत रुपये-आण्यांत असेल, तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी सुरू झाली. "न. पै." म्हणजे नवे पैसे असे लिहिले असेल, तर ती साधारणतः १९५७ ते १९६४ या काळातील. १ जून १९६४ पासून "नवे" हा शब्द वगळला गेला. दुकानाच्या पत्त्यात "संस्थान सांगली" असेल तर १९४८ पूर्वीची, "मुंबई राज्य" असेल तर १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीची, "म्हैसूर राज्य" असेल तर त्यानंतरची व १९७३ पूर्वीची. बेळगावच्या मनुष्यास या तारखा पाठ असतात. त्यांचा असाही उपयोग होतो. दुकानदार जुनी छापील पुस्तके संपेपर्यंत वापरीत, म्हणून दोन-चार वर्षे मागे-पुढे धरावीत.

दुसरी रीत आठवणींची. आजींना "कोणते साल?" असे विचारू नये. सालाचे उत्तर येत नाही, आणि आले तरी खरे नसते. "त्या वेळी कापड कंट्रोलवर मिळत होते का?" असे विचारावे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली सरकारने सुती कापड व सूत यांवर नियंत्रण आणले आणि लुगड्यासाठी रांगा लागल्या. ज्या बाईच्या आईने तो काळ पाहिला, तिला लग्नात किती लुगडी मिळाली याचा आकडा अचूक सांगता येतो, कारण तो आकडा लहान होता.

तिसरी रीत धाग्याची. कापडाच्या टोकाचा, दशीतला, एकच धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सूत कागदाप्रमाणे भुरकन जळते व मऊ करडी राख राहते. रेशीम केस जळल्यासारखा वास देते व बोटाने चुरडणारी काळी गोळी राहते. कृत्रिम रेशीम, ज्यास इरकलीच्या धंद्यात चमका म्हणतात, दिसावयास रेशमासारखे पण जळते सुताप्रमाणे, कारण ते मुळात लाकडाच्या किंवा कापसाच्या लगद्यापासून केलेले असते. नायलॉन व पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. चमका दोन महायुद्धांच्या दरम्यान परदेशांतून येऊ लागला. नायलॉन घराघरांत पोहोचले ते स्वातंत्र्यानंतर. तेव्हा काठात नायलॉन निघाले, तर ते लुगडे पणजीच्या लग्नातले असणे शक्य नाही. ही परीक्षा मोठ्या माणसाने, पाण्याचे भांडे जवळ ठेवून करावी, आणि वस्त्रापासून दूर करावी.

चौथी रीत रंगाची. लाल म्हणजे मंजिष्ठ आणि निळा म्हणजे नीळ, असे समजून "हा वनस्पतीचा रंग" असे पुष्कळजण सांगतात. ते सावधपणे घ्यावे. विल्यम पर्किन याने १८५६ साली पहिला कृत्रिम रंग केला. मंजिष्ठातील तांबडे द्रव्य १८६८ साली जर्मन रसायनज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केले. कृत्रिम नीळ १८९७ साली बाजारात आली. तेव्हा आपल्या पणजीच्या लुगड्याचा रंगही कारखान्यातला असणे अगदी शक्य आहे. त्याने त्याची योग्यता कमी होत नाही.

पाचवी रीत जरीची. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. नकली जरीत तार तांब्याची असते. हलकी जरी प्लॅस्टिकच्या पट्टीवर धातूचा पातळ थर देऊन करतात. घासून झिजलेल्या जागी पाहावे. पांढरट चमक दिसली तर आत चांदी असावी, तांबूस दिसली तर तांबे. निश्चित निर्णय सराफच देऊ शकतो.

जे पेटीत नाही ते

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पेटीत जे उरते ते सणावाराचे. रोजचे लुगडे पेटीत नसते, कारण ते पूर्णपणे वापरले गेलेले असते. आधी ते बाहेर नेसण्याचे, मग घरात नेसण्याचे, विरले की मधून फाडून दोन्ही काठ जोडून पुन्हा नेसण्याचे, त्यानंतर बाळाचे दुपटे, पाळण्याची झोळी, तान्ह्याची कुंची. अखेरीस चार-सहा थर एकावर एक घालून त्याची वाकळ. त्यातूनही उरले तर चुलीजवळचे फडके. केवळ पेटी पाहून आपण आजीचे चित्र काढू लागलो, तर आजी आयुष्यभर शालू नेसून बसली होती, असे चित्र तयार होईल. खरी आजी तशी नव्हती. ती पहाटे उठून शेण सारवीत होती, विड्या वळीत होती, कांडप करीत होती, आणि ते करताना जे तिच्या अंगावर होते ते आज शिल्लक नाही.

ते शोधावयाचे असेल तर वाकळ उसवावी लागत नाही, केवळ न्याहाळावी लागते. आमच्या घरी एक वाकळ आहे. तिच्या एका कडेस दादींच्या रोजच्या हिरव्या लुगड्याचा काठ, मध्ये वडिलांच्या शाळेच्या खाकी चड्डीचे तुकडे, कोपऱ्यात फुफीच्या ओढणीचा गुलाबी त्रिकोण, आणि एक जांभळा चौकोन शेजारच्या काकूंच्या लुगड्याचा. काकूंचा तुकडा आमच्या वाकळेत कसा, असे आम्ही लहानपणी विचारले. दादी म्हणाल्या, "त्यांना हिरवा कमी पडला, आपल्याला जांभळा." त्यांच्या घरच्या वाकळेत आमचा हिरवा चौकोन आजही आहे. काकूंच्या सुनेने तो आम्हांस गेल्या वर्षी दाखविला.

या संस्थेच्या शाळेत सहावीच्या वर्गास आम्ही एक गृहपाठ दिला होता : घरातील एका वाकळेतील पाच तुकडे ओळखून ते कोणाचे होते, ते लिहून आणा. एका मुलीने चारच लिहिले. पाचव्यापुढे लिहिले होते, "हा कोणाचा ते आजीला माहीत आहे, पण ती सांगत नाही, रडते." त्यास आम्ही पूर्ण गुण दिले.

जरीवाला दारात येतो तेव्हा

जुनी जरीची लुगडी विकत घेणारे लोक गावोगाव फिरतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ते वस्त्र पाहून वजनावर किंवा जरीवर भाव करतात. ज्यात खरी जरी असेल ते पुढे जाळले जाते, राखेतून चांदी काढून ती आटवितात, आणि रेशीम, रंग, नक्षी, विणकराची वर्षानुवर्षांची कला यांतील काहीही उरत नाही. हा व्यवहार बेकायदा नाही. पण विकणाऱ्याने एवढे समजून घ्यावे की, त्यास मिळणारी किंमत ही धातूची किंमत असते, वस्त्राची नव्हे.

जे विकतात त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. आमच्या शिक्षणाच्या अखेरच्या वर्षी फी भरावयाची होती आणि घरात अडचण होती. फुफीने लग्नातला शालू काढला आणि दारावरच्या माणसास दिला. कोणास विचारले नाही. आम्ही आज वर्गात उभे राहून जे चार शब्द सांगतो, त्याच्या पाठीशी तो शालू आहे. फुफीस कधी खेद झाला काय, असे आम्ही पुढे विचारले. ती म्हणाली, "शालूचा नाही रे. पदरावर कोणती वेल होती ते आता आठवत नाही, त्याचा होतो." त्या शालूचे एकही छायाचित्र नाही. फुफीच्या लग्नात फोटो काढलाच नव्हता.

यास्तव आमची विनंती एवढीच : गरज असेल तर अवश्य विका. गरजेपुढे वस्त्र मोठे नाही. पण देण्यापूर्वी पदर, काठ व उलटी बाजू यांची छायाचित्रे घ्या. हल्ली प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, त्यास दमडी लागत नाही. शक्य असेल तर काठाचा वीतभर तुकडा घरी ठेवा. आणि घरातील लेकीसुनांस एकदा विचारा. पुष्कळदा अडगळ म्हणून लुगडे विकले जाते, आणि ते हवे असणारी नात परगावी असते.

जपावे कसे

आपल्या गावचा पावसाळा मोठा. कापडाचा खरा शत्रू दमट हवा. म्हणून काही नियम पाळावेत.

लुगडे ठेवण्यापूर्वी त्यातील खळ धुऊन काढावी, कारण खळीस किडे लागतात. सुती लुगडे रिठ्याच्या पाण्याने धुवावे. मात्र आधी कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्याने दाबून पाहावा. रंग फडक्यास लागला तर घरी धुवू नये. भारी रेशीम व जरी घरी धुण्याच्या भानगडीत पडूच नये.

प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. आत दमटपणा कोंडतो. वर्तमानपत्रात गुंडाळू नये. कागद पिवळा पडतो तसे कापडही डागाळते. धुतलेले पांढरे मांजरपाट सर्वांत चांगले. टाचणी, पिन यांचा गंज लागतो, त्या काढून टाकाव्यात.

घडी नेहमी एकाच जागी राहिली की रेशीम तेथेच फाटते. म्हणून वर्षातून दोन-तीनदा घडी मोडून दुसरीकडे घालावी. फार जीर्ण वस्त्र असेल तर कापडाने मढविलेल्या नळीवर गुंडाळावे. जरीचे लुगडे खुंटीवर टांगू नये, त्याच्याच वजनाने ते फाटते.

डांबराच्या गोळ्या कापडास चिकटू देऊ नयेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगा पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवाव्यात. कापडास थेट लावू नयेत. अत्तर जरीवर शिंपडू नये, तिचा रंग काळवंडतो. हे सांगताना आमच्याच घरातील बायका आमच्याकडे रागाने पाहतात, पण सांगणे भाग आहे.

पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, पेटी उघडून कपडे सावलीत वाऱ्यास घालावेत. कडक उन्हात घालू नयेत, रंग उडतो. हे काम घरातील मुलांस घेऊन करावे. निम्म्या आठवणी त्याच वेळी निघतात.

नोंद

वस्त्र जपले आणि ते कोणाचे हे विसरले, तर ते केवळ जुने कापड होते. म्हणून प्रत्येक वस्त्राबरोबर जाड पांढऱ्या कागदाचा एक तुकडा ठेवावा आणि त्यावर शिसपेन्सिलीने लिहावे. शाई फुटते व डाग पडतो. पाच गोष्टी पुरेत : कोणाचे, कोणी घेतले व कोठून, कोणत्या प्रसंगी, नंतर कोणी वापरले, आणि हे कोणी सांगितले. शेवटची गोष्ट विसरू नये, कारण दोन बहिणी दोन हकिकती सांगतात. दोन्ही लिहाव्यात. कोणती खरी याचा निकाल लावण्याची आपणांस घाई नाही.

नाव लिहिताना एक पथ्य पाळावे. "अमक्यांची पत्नी" किंवा "तमक्यांची आई" एवढेच लिहू नये. तिचे स्वतःचे नाव लिहावे, माहेरचेही लिहावे. आमच्या दादींचे माहेरचे नाव घरात कोणास ठाऊक नव्हते. सर्वजण त्यांना दादी किंवा अम्मा म्हणत. ते नाव आम्हांस त्यांच्या इरकलीच्या घडीत मिळाले. पदराच्या कोपऱ्यावर तांबड्याच दोऱ्याने, जवळून पाहिल्याशिवाय दिसणार नाही असे, उर्दू अक्षरांत चार टाक्यांत ते भरलेले होते. त्या लिहावयास शिकल्या होत्या, हेही आम्हांस तेव्हाच कळले.

संस्थेच्या महिला शाखेने या महोत्सवी वर्षात घरोघरच्या अशा नोंदी एका वहीत उतरवून घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. वस्त्रे ज्याच्या त्याच्या घरी राहू द्यावीत. केवळ नोंद व छायाचित्र संस्थेत असावे. त्यास खर्च नाही, इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो मात्र फार उरलेला नाही. ज्या बायकांना या पेट्यांतील घड्या उलगडून सांगता येतील, त्यांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसावे, पेटी खाली उतरवावी, आणि पहिली घडी त्यांच्याच हातून उघडवावी.